आयरिस ओळखायची तर आधी पट्टी घे

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुमाऊँमधल्या मुनस्यारीच्या वर जाणार, तिथली आयरिसची रानटी फुलझाडं ओळखायची, तर कुठलं पुस्तक घेऊ, असं विचारलंयस. सोबत चार पुस्तकांचे फोटोही धाडलेस. चारही देखणी आहेत, पण त्यातली तीन बागेतल्या संकरित आयरिसची. ती रंगांवर भाळून लिहिलेली असतात आणि रानात रंगाइतका दगाबाज साक्षीदार दुसरा नाही.

सह्याद्रीत आयरिस रानात उगवत नाही. त्यामुळे काही अडलं की कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदींचा ग्रंथ, उघडायचा, ही आपली सवय इथे उपयोगाची नाही. हिमालयासाठी पहिलं पुस्तक पोलुनिन आणि स्टेंटन यांचं १९८४ चं ‘फ्लॉवर्स ऑफ द हिमालया’. काश्मीरपासून नेपाळपर्यंतचा पट्टा त्यात आहे, म्हणजे तुझं कुमाऊँ आलंच. पुढे कधी सिक्कीमला गेलीस तर हे घरी ठेव आणि ‘फ्लोरा ऑफ भूतान’ बघ, त्यात सिक्कीम-दार्जिलिंगही घेतलंय. प्रदेशाचं पुस्तक आधी, आयरिसवरचं नंतर. कारण कुठलीही ‘की’, म्हणजे लक्षणं विचारत विचारत नावापर्यंत नेणारी प्रश्नमाला, तिच्यात नसलेल्या झाडाला ‘माहीत नाही’ म्हणत नाही, जवळचं कुणीतरी तुझ्या गळ्यात मारते. युरोपच्या ‘की’ने हिमालयातली केमाओनेन्सिस ही आयरिस ओळखायला बसलीस तर दाढी (पाकळीवरचा केसांचा पट्टा) आहे, दांडा जवळजवळ नाही, नळी लांब, असं करत करत युरोपातल्या पुमिलापाशी जाऊन पोचशील. आणि खुशही होशील!

आता पुस्तक पारखायचं कसं ते सांगतो. हातात आलं की सूचीत दोनच नावं शोध, केमाओनेन्सिस आणि हुकेरियाना. दोघी बुटक्या, दोघींच्या जांभळट पाकळ्यांवर गडद ठिपके, दोघींना दाढी. त्यांचे नुसते फोटो शेजारी शेजारी छापले असतील तर पुस्तक परत ठेव. फुलाखालच्या नळीची लांबी विचारली असेल तर घे. केमाओनेन्सिसची नळी पाच सेंटीमीटरच्या पुढे जाते, हुकेरियानाची निम्म्यावरच आटोपते. वरून बघणाऱ्याला हे कळत नाही, कारण नळी हिरव्या आवरणात दडलेली असते आणि पाती तिला आणखी झाकतात.

हे मी पोळल्यावर शिकलो. गढवालच्या एका बुग्याळावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, पोटावर झोपून चाळीसेक फोटो काढले, सगळे वरून. घरी येऊन एका चित्राशी जुळवले आणि हुकेरियाना ठरवून मोकळा झालो. पुढे एका जुन्या वनस्पतितज्ज्ञांना कौतुकाने दाखवले, तर त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, “नळी केवढी होती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षांनी त्याच उतारावर पुन्हा गेलो, आवरण बोटांनी अलगद सोडवलं, पट्टी लावली. साडेपाच सेंटीमीटर.

जुनी पुस्तकं मात्र टाकू नकोस. हुकरचा ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ नेटवर फुकट मिळतो. डाइक्सचा १९१३ चा ‘द जीनस आयरिस’ तर मला अजून रात्री वाचायला आवडतो. फक्त प्रकाशनाचं साल बघितल्याशिवाय त्यातल्या नावावर विश्वास टाकू नकोस. लडाखमध्ये दिसणारी चिवट पात्यांची, बिनदाढीची लॅक्टिया डाइक्सकडे ‘एन्साटा’ म्हणून भेटते. आज एन्साटा म्हणतात ती जपानी आयरिस, आणि ती त्याच्याकडे ‘केम्फेरी’ आहे. तसंच आजची डेकोरा जुन्या पुस्तकांत ‘नेपालेन्सिस’ म्हणून सापडेल. डेकोराला दाढी नसते, त्या जागी कंगोऱ्यासारखा तुरा असतो. मुळं फुगीर असतात, पण ती बघायला झाड उपटू नकोस. दरडीवर माती ढासळलेली असली तर आपसूक दिसतात.

आयरिसवरचं म्हणून एकच घ्यायचं तर ब्रिटिश आयरिस सोसायटीच्या गटाने केलेलं १९९७ चं ‘अ गाइड टु स्पीशीज आयरिसेस’. महाग आहे. नव्याचा हट्ट नको, जुनी प्रत शोध. ब्रायन मॅथ्यूचं ‘द आयरिस’ विकत घेऊ नकोस, माझी प्रत घेऊन जा. यातलं काहीही डोंगरावर वाहून नेऊ नकोस, नाहीतर दुसऱ्या चढावर मला शिव्या देशील. वही, पंधरा सेंटीमीटरची स्टीलची पट्टी आणि भिंग पुरे. दाढी की तुरा की काहीच नाही, दाढीच्या केसांचा रंग, नळी, दांड्याची उंची, एका आवरणात किती फुलं, एवढं जागच्या जागी लिही. फूल दाबून आणून घरी बघू म्हणशील, तर कागदावर नुसता जांभळा डाग उरतो.

मॅथ्यू न्यायला रविवारी सकाळी ये. हुकेरियानाच्या पानावर समासात मी पेन्सिलीने ‘हीच ती! नक्की!’ असं लिहून ठेवलंय. येताना खोडरबर आण.

तुझा,
काका