हप्त्यासाठी रविवार विकू नका

प्रश्न इंदूरच्या एका ताईंचा आहे. त्या पीथमपूरला औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत. हातात पगार 46,000, फ्लॅटच्या हप्त्यासकट खर्च 38,000, बँकेत 1,10,000 रुपये. रविवारी त्यांना कुठेही जायचं नसतं. सकाळी पोहे-जलेबी आणायची, मग आईबरोबर दिवसभर टीव्ही आणि सिनेमे. त्यासाठी 65 इंची टीव्ही आणि साउंडबार मिळून 1,02,000 रुपयांचं पॅकेज ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यायचं आहे. 12 हप्ते, प्रत्येकी 8,500. नातेवाईक म्हणतात, घरात बसून पैसे जाळतेस.

ताई, आधी नातेवाईकांचं बघू. घरी शांत बसण्याच्या सुट्टीने कुणाचं घर बुडालेलं मी पाहिलेलं नाही. सहा दिवस बसने पीथमपूर गाठणाऱ्या माणसाला सातवा दिवस हवा तसा घालवायचा हक्क आहे, त्यावर थोडा खर्च करायचाही आहे. टीव्हीला माझा विरोध नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला खटकलं: ‘हप्ता बसवण्यासाठी महिन्यातून दोन रविवार ओव्हरटाइम करीन.’ तुमच्याकडे महिन्याला 8,000 उरतात आणि हप्ता 8,500 चा, म्हणून ही वेळ येते. वर्षाचे 24 रविवार कारखान्यात जातील. ज्या दिवसासाठी टीव्ही घ्यायचा, तोच दिवस तुम्ही टीव्हीपायी विकून टाकणार.

शिवाय ‘नो कॉस्ट’ म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. झिरो टक्के योजनांमध्ये व्याज लपवलेलं असतं, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना त्या बंद करायला सांगितलं होतं. 16 टक्के दर धरला तर तुमच्या पॅकेजमध्ये सुमारे 8,300 रुपये व्याज आहे. त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 1,500 रुपये, तुम्हीच भरणार. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेणाऱ्याने हीच सूट हक्काने मागावी.

सोफ्यापासून भिंत सात फुटांवर आहे असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्या अंतराला 55 इंच पुरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा जुने भाव डोक्यात ठेवून ‘आजची ऑफर’ मोठी समजू नका. आजपासून महिन्याला 7,000 चं आरडी, म्हणजे बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, सुरू करा. सहा महिन्यांत 42,000 आणि वर थोडं व्याज. त्यात चांगला 55 इंची येतो, साउंडबार पुढच्या वर्षी बघू. तोवर जुना 32 इंची चालू आहेच. बँकेतल्या 1,10,000 ला हात लावू नका. ती रक्कम तुमच्या तीन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही, आणि घरात कमावत्या तुम्ही एकट्या.

विजेचा हिशेबही आहे. तुमचं बिल 140 युनिटांच्या आसपास येतं. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत 150 युनिटांच्या आत राहिलं तरच पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. मोठा टीव्ही जुन्यापेक्षा अंदाजे 100 वॅट जास्त घेतो असं धरा. आईंच्या मालिका त्यावर रोज सहा तास चालल्या तर महिन्याला 18 युनिटं वाढतात आणि सवलत गेली. जुना टीव्ही आईंच्या खोलीत लावा, त्यांनाही रिमोटसाठी थांबावं लागणार नाही.

चार ओटीटींचं ऑटो-डेबिट चालू आहे, ते मात्र मला पटत नाही. एका वेळी एकच ठेवा, बघून झालं की बंद करून दुसरं घ्या. पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो वाचल्याशिवाय पुसू नका. आणि प्लॅन नीट बघा: नेटफ्लिक्सच्या 199 च्या प्लॅनमध्ये चित्र 720पी म्हणजे कमी बारकाव्याचं असतं, सगळ्यात स्पष्ट 4के फक्त 649 च्या प्लॅनमध्ये. पडदा कितीही मोठा घेतला तरी स्वस्त प्लॅनवर चित्र तेवढंच येणार.

ओव्हरटाइमच्या यादीत नाव दिलं असेल, तर उद्याच काढून घ्या.