प्रश्न आपले : विक्रीसाठीच्या छायाचित्राला किती पिक्सेल हवेत?

प्रश्न : स्टॉक छायाचित्रे, म्हणजे कोणालाही विकत घेऊन वापरता येणारी तयार छायाचित्रे, विकणाऱ्या एका संकेतस्थळाकडे मी २४०० बाय १६०० पिक्सेलची काही छायाचित्रे पाठवली होती. आकार अपुरा असल्याचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. फाइलमध्ये ७२ डीपीआय अशी नोंद दिसली, म्हणून मी ती बदलून ३०० केली आणि छायाचित्रे पुन्हा पाठवली, तरी उत्तर तेच आले. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपण जो आकडा बदलला, त्याचा या नकाराशी काही संबंध नाही. ७२ किंवा ३०० ही नोंद म्हणजे छायाचित्र कागदावर उमटवताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, याविषयी फाइलमध्ये लिहून ठेवलेली केवळ एक सूचना असते. आपले छायाचित्र ७२ या नोंदीने छापले तर सुमारे ३३ इंच रुंद आणि भुरकट दिसेल, ३०० या नोंदीने छापले तर ८ इंच रुंद आणि रेखीव दिसेल. पिक्सेल मात्र दोन्ही वेळा तेवढेच राहतील. या नोंदीने जितक्या होतकरू छायाचित्रकारांचा वेळ वाया घालवला आहे, तितका दुसऱ्या कोणत्या आकड्याने क्वचितच घालवला असेल.

संकेतस्थळे पाहतात तो रुंदी आणि उंचीचा गुणाकार. २४०० गुणिले १६०० म्हणजे ३८ लाख ४० हजार पिक्सेल, अर्थात ३.८४ मेगापिक्सेल. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक या दोन्ही ठिकाणी किमान मर्यादा ४ मेगापिक्सेलची आहे, आणि आपण ज्यांच्याकडे छायाचित्रे पाठवली त्यांची मर्यादाही तीच असेल, तर आपण अवघ्या १ लाख ६० हजार पिक्सेलनी मागे पडलात. अ‍ॅडोबी स्टॉकला वरचीही मर्यादा आहे : १०० मेगापिक्सेल आणि ४५ एमबी. अलामी या संस्थेची अट वेगळ्या भाषेत आहे. तिला उघडलेली, म्हणजे संक्षेप न केलेली फाइल १७ एमबीपेक्षा मोठी हवी असते, आणि ते वाचून अनेक जण आपल्या ३ एमबीच्या जेपेगकडे, म्हणजे संक्षेप करून साठवलेल्या फाइलकडे, पाहत हताश होतात. वास्तविक प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा व निळा मिळून तीन बाइट लागतात, त्यामुळे १७ एमबी म्हणजे साधारण ६ मेगापिक्सेल. डिस्कवरची जेपेग किती लहान आहे, याला तिथे महत्त्व नाही.

आता आपले पिक्सेल गेले कुठे, हे शोधावे. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल, तर मूळ छायाचित्र ६००० बाय ४००० चे असायला हवे. ते एकतर सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना लहान केले गेले असेल किंवा आपणच फार कातरले असेल. कातरण्याचा हिशेब फसवा असतो. रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या ठेवल्या, तर पिक्सेल निम्मे नव्हे, पाव उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. दोन्ही एक तृतीयांश ठेवल्या तर नववा हिस्साच हाती राहतो, तो २.७ मेगापिक्सेलच्या आत. मूळ फाइल जपून ठेवली असेल, तर तिच्यापासूनच पुन्हा सुरुवात करणे श्रेयस्कर.

प्रश्न : मूळ फाइल हाताशी नसेल, तर सॉफ्टवेअरने छायाचित्र मोठे करून पाठवलेले चालेल का?

उत्तर : नाही. मोठे करताना सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरते. त्यातून आकडा वाढतो, पण पान, केस किंवा विणकाम यांचा मूळ तपशील परत येत नाही. परीक्षक छायाचित्र पूर्ण आकारात, म्हणजे पडद्याच्या एका बिंदूला एक पिक्सेल अशा रीतीने पाहतो, तेव्हा ही सारवासारव उघडी पडते.

उलट दिशेचा उपाय मात्र उपयोगी ठरतो. कमी प्रकाशात काढलेले २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र दाणेदार दिसत असेल, तर ते ३००० बाय २००० वर आणल्यास चार पिक्सेलची सरासरी एका पिक्सेलमध्ये येते आणि दाणेदारपणा सुमारे निम्म्याने घटतो. ही युक्ती सरसकट वापरू नये, असेच मी म्हणेन. ए४ आकाराचे पूर्ण पान ३०० च्या घनतेने छापायला २४८० बाय ३५०८, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल लागतात; ४ मेगापिक्सेलची अट जेमतेम पार करणारे छायाचित्र स्वीकारले जाईल, पण पूर्ण पानासाठी छायाचित्र शोधणाऱ्या संपादकाला ते पुरणार नाही.

प्रश्न : मोबाइलमधील ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा या कामाला चालतो का?

उत्तर : आकाराच्या दृष्टीने सहज चालतो. असे बहुतेक कॅमेरे नेहमीच्या पद्धतीत चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० चे छायाचित्र देतात, आणि तेही किमान मर्यादेच्या तिप्पट असते. डिजिटल झूम टाळावा, कारण ते कातरून मोठे करणेच आहे. छायाचित्र मोबाइलमधून संगणकावर थेट तारेने घ्यावे. संदेशाच्या अ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवल्यास ते बहुधा लहान होऊन येते, आणि आकार अपुरा असल्याचा तोच निरोप पुन्हा मिळतो.