गीझरची एएमसी घ्यावी की नवा गीझर?

वाघोलीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे: घरातला २५ लिटरचा गीझर ५ वर्षांचा झाला. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. हल्ली पाणी पूर्वीसारखं कडक होत नाही आणि टाकीतून कडकड आवाज येतो. सर्व्हिसवाला ३ वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ६,४९० रुपयांना देतो आहे, वर "क्षारांमुळे तुमचं बिल ३० टक्के जास्त येतंय" असं सांगून गेला. मुलगा म्हणतो, १३,५०० चा फाइव्ह स्टार गीझर हप्त्यांवर घेऊन टाक. पेन्शनमधून काय परवडेल?

ताई, नमस्कार. एएमसी घेऊ नका, नवा गीझरही आत्ता नको. याच आठवड्यात एकदा नीट सर्व्हिस करून घ्या आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा ॲनोड रॉड बदलून घ्या.

आधी ते ३० टक्के. तुमची कॉइल २,००० वॉटची, म्हणजे तासाला २ युनिट. ती पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिची सगळी उष्णता शेवटी पाण्यातच उतरते, दुसरीकडे जायला वाट नाही. क्षारांची खपली चढली की कॉइल आतून फाजील तापते आणि लवकर जळते. थर्मोस्टॅटही फसतो आणि पाणी पुरतं तापण्याआधीच वीज तोडतो. तो आवाज खपलीखाली अडकलेल्या वाफेचा आहे. नुकसान खरं आहे, पण ते कॉइलचं आणि टाकीचं. वीजबिल यामुळे इतकं वाढत नाही. (जुन्या बंबाची गोष्ट वेगळी होती, तिथे उष्णता धुराड्यातून निसटायची.)

फाइव्ह स्टारचंही तसंच. २५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.१ युनिट लागतं, गीझर कोणताही असो. तुमच्या वरच्या स्लॅबचा दर सगळे आकार धरून १२ रुपयांच्या आसपास पडतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दिवसाला १३ रुपये, महिन्याला ४०० च्या आत. स्टार दिले जातात ते भरलेली गरम टाकी २४ तासांत किती उष्णता गमावते यावर. तुम्ही आंघोळीआधी अर्धा तास बटण लावता आणि लगेच बंद करता. तुमच्या घरात स्टारने वाचणारे पैसे इतके थोडे आहेत की त्यातून १३,५०० वसूल व्हायचे नाहीत. शिवाय 'नो कॉस्ट' हप्ता घेतला की दुकानदार रोखीवर देत असलेली ९०० ची सूट जाते. म्हणजे हप्ता फुकट नाहीच.

आता एएमसी. तुम्ही पाठवलेला कागद वाचला: वर्षाला एक भेट, सफाई आणि मजुरी. सुटे भाग वेगळे. त्याच सर्व्हिस सेंटरने तुम्हाला सुट्या सर्व्हिसचे ८०० आणि रॉडचे ६०० सांगितले आहेत. दरवर्षी दोन्ही केलं तर ३ वर्षांचे ४,२०० होतात. मध्ये एकदा कॉइल आणि थर्मोस्टॅट गेला असं धरून १,८०० घाला, ६,००० झाले. एएमसी घेतली तर हेच भाग वेगळे घ्यावे लागतील आणि बेरीज १०,०९० वर जाईल. भागांसकट असती तर मी पुन्हा विचार केला असता.

रॉडवर मात्र मी हट्टाने सांगेन. हा मॅग्नेशियमचा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकीचं पोलाद गंजत नाही. क्षार जास्त असलेल्या पाण्यात तो भराभर संपतो, आणि संपल्यावर गंज टाकीला लागतो. टाकी आतून गळू लागली की दुरुस्तीत अर्थ उरत नाही. आमच्या घरी हेच झालं. ५ वर्षं रॉडकडे कुणी पाहिलं नाही, सहाव्या वर्षी टाकी गळाली. कार्डावर ७ वर्षांची वॉरंटी होती, पण वेळोवेळी रॉड बदलल्याच्या पावत्या मागितल्या आणि आमच्याकडे एकही नव्हती. ६०० रुपयांचा रॉड न बदलल्यामुळे अख्खा गीझर गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या कार्डाच्या फोटोतही तीच अट आहे आणि टाकीच्या वॉरंटीची २ वर्षं अजून शिल्लक आहेत. तेव्हा पावती घ्या आणि कार्डासोबतच ठेवा.

थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा, क्षार कमी बसतात. कुणी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) दाखवून पाण्याचा जडपणा सांगू लागला तर मानू नका, जडपणाची चाचणी वेगळी असते.

एका बाबतीत पैसे वाचवू नका: टाकीतला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का, अर्थिंग नीट आहे का, आणि घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो कधीही बुजवू नका. यासाठी लागेल तो खर्च आधी, बाकी सगळं नंतर.

सोलरचं तुम्ही ओझरतं विचारलंय. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा तो निर्णय एकटीने घेण्यासारखा नाही.

मुलाचं म्हणणं अगदी चूक नाही, हा गीझर कधीतरी जाणारच. त्यासाठी बँकेत महिना ३०० रुपयांचं ३ वर्षांचं आवर्ती ठेव खातं उघडा. १०,८०० आणि वर व्याज जमेल. टाकी गळेल त्या दिवशी रोख घेऊन दुकानात जा, सूटही मिळेल.

सर्व्हिसच्या वेळी जुना रॉड स्वतः पाहा. नुसती तार उरली असेल तर टाकीही आतून बघायला सांगा. रॉडचा फोटो मला पाठवा, म्हणजे पुढचा वर्षाने बदलायचा की त्याआधी, ते ठरवता येईल.