पहिला गेमिंग पीसी, पैसे मोजकेच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, बरेच दिवस पैसे साठवतोय, आता पहिला गेमिंग पीसी जोडायचाय पण बजेट फारच टाईट आहे. मॉनिटर आहे घरात, साधा १०८०पी ६० हर्ट्झवाला. खेळायचंय ते व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर सायबरपंक. एका दुकानदाराने आय७ प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, काचेचं आरजीबी (रंगीत लाईटवालं) कॅबिनेट आणि जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड असा सेट सांगितलाय, दुसऱ्याने आय३-१२१००एफ, १६ जीबी आणि आरएक्स ६६०० कार्ड. दोन्हीचे पैसे जवळपास सारखेच. घरचे म्हणतात एवढे पैसे घालून आय३ कशाला घेतोस. काय करू?

उत्तर : दुसरा सेट घे. घरच्यांचं म्हणणं मला समजतं, कारण आय७ हा आकडा मोठा दिसतो, पण नुसतं आय७ म्हणजे काहीच कळत नाही, पुढची जनरेशन कुठली ते आधी विचार. २०१३ साली आलेला आय७-४७७० हा ४ कोअर ८ थ्रेडचा आहे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं) आणि २०२२चा आय३-१२१००एफ हाही ४ कोअर ८ थ्रेडचाच, आणि मधल्या नऊ वर्षांत एकेक कोअर इतका फास्ट झालाय की हा आय३ त्या आय७ला आरामात मागे टाकतो. त्या सेटमधला आय७ कुठल्या जनरेशनचा आहे ते दुकानदाराने सांगितलंच नसेल तर तिथेच सावध हो.

आणि समजा तो आय७ नवा जरी असला तरी त्याच्या जोडीला जीटी १०३० देणं म्हणजे सगळा पैसा चुकीच्या जागी घालणं आहे. गेम चालताना प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी कुठे वळली, आणि प्रत्यक्ष चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. तुझ्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर पिक्सेल आहेत आणि सेकंदाला ६० फ्रेम हवे असतील तर ते सगळे सेकंदात ६० वेळा रंगवायचे, हे काम प्रोसेसर कितीही भारी घेतला तरी तो करून देत नाही. सायबरपंकच्या तर किमान अटींमध्येच ६ जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड आणि एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क) लिहिलेलं आहे, जीटी १०३० त्याच्या जवळपासही जात नाही, त्याची मेमरीच २ जीबी. वर त्या कार्डाचे दोन प्रकार आहेत, २०१७चं जीडीडीआर५ वालं आणि २०१८चं डीडीआर४ वालं, नाव दोघांचं तेच, आणि डीडीआर४ वाल्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायचा वेग, पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. नाव तेच ठेवून आतलं बदलायचं हे मला अजिबात पटत नाही, नवा माणूस यात हमखास फसतो, त्यामुळे कुठलंही कार्ड घेताना नावावर थांबू नको, किती जीबी आणि कुठली मेमरी हे बिलावर लिहून घे.

मॉनिटर घरात असेल तर एकूण पैशातले ३५ ते ४० टक्के एकट्या ग्राफिक्स कार्डात गेले तरी चालतील. ८ जीबीचं आरएक्स ६६०० हे १०८०पी साठी चांगलं कार्ड आहे. सायबरपंक सेटिंग थोडं खाली आणून खेळता येईल, बाकीचे दोन गेम तर मजेत चालतील.

उरलेल्या पार्टसाठी मी स्वतः एकच प्रश्न विचारतो, हा पार्ट नंतर वाढवायचा झाला तर बाकीचं किती काढून टाकावं लागेल? जिथे नुसतं जोडून भागतं तिथे आज कमी घे, जिथे सगळं उघडून बदलावं लागतं तिथे आज हात आखडता घेऊ नको.

या हिशोबाने बघ. एसएसडी नंतर दुसरी लावता येते, म्हणून आज ५०० जीबी चालेल, गेम हल्ली शंभर जीबीच्या वर जातात हे खरं पण दोन-तीन मोठे गेम एका वेळी बसतात, खेळून झालं की काढायचे. एसएसडीचे दोन प्रकार मिळतात, वायरने जोडायची साटा सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते आणि थेट बोर्डवर बसणारी जेन ३ एनव्हीएमई ३५०० पर्यंत, पण गेम लोड व्हायला लागणाऱ्या वेळात एवढा फरक दिसत नाही, त्यामुळे स्वस्तात जी मिळेल ती घे, फक्त हार्ड डिस्कवर विंडोज टाकू नको. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं साधं घे, समोरून काच बंद असली की हवा आत जात नाही आणि कार्ड तापतं. लाईट, जादा पंखे सगळं नंतर.

रॅम १६ जीबी पुरे, पण ८ च्या दोन काड्या घे, १६ ची एक नको. दोन काड्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात आणि फ्रेम कमी अडकतात. मदरबोर्डवर (ज्या पाटीवर सगळे पार्ट बसतात) रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. आणि पीसी चालू झाला की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी ऑन कर, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालेल, हे खूप जण विसरतात, ३२०० ची रॅम विकत घेतात आणि ती वर्षानुवर्षं २१३३ नाहीतर २६६६ वर चालत राहते.

प्रोसेसर-मदरबोर्डचं बघ, १२१००एफ चा सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, एलजीए१७००, त्यात १२वी, १३वी, १४वी जनरेशन बसते, म्हणजे दोन वर्षांनी पैसे आले की तोच बोर्ड ठेवून, बायोस अपडेट करून, आय५ टाकता येईल. थोडे पैसे आत्ताच वाढवता आले तर १२४००एफ घे, ६ कोअर जास्त दिवस पुरतील. पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड खाली उतरवू नको. एफ अक्षराचा अर्थ लक्षात ठेव, आत ग्राफिक्स नाही, कार्ड काढलं की स्क्रीनवर काहीच येणार नाही. कार्ड सहा महिन्यांनी घेईन असा विचार असेल तर एफ वाला चालणारच नाही, मग रायझन ५ ५६००जी सारखा आतल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर बघ, त्यावर व्हॅलोरंट नीट चालतो.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, यावर मला जरा सविस्तर सांगू दे कारण सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते आणि पीसीचं सगळ्यात जास्त नुकसानही इथूनच होतं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं असतं, ते वाचू नको. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेलं लेबल बघ, त्यावर एक तक्ता असतो, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून तोच आकडा धर आणि १२ ने गुण. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय, तर १८ गुणिले १२ झाले २१६ वॉट. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि १२१००एफ जोरात चालला की ८९ पर्यंत जातो, बेरीज २२१, म्हणजे ‘५०० वॉट’चा तो डबा पंखे आणि एसएसडी धरायच्या आधीच कमी पडला. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३५-३७ अँपिअर दिसतात. १२ व्होल्टचे दोन कप्पे दाखवले असतील तर नुसती बेरीज करू नको, खाली एकत्रित वॉट लिहिलेले असतात ते बघ. डब्यावर ८० प्लस ब्राँझ असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे अर्ध्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामी येते एवढंच, त्याने टिकाऊपणाची खात्री होत नाही, त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचार. कार्डासाठी ६+२ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी, जोडणी करून दिलेली नको. आणि काही झालं तरी एसएमपीएस उघडू नको, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

व्हॅलोरंटचं एक राहिलंच, विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग ऑन लागतात, १२व्या जनरेशनच्या बोर्डवर दोन्ही असतात, बायोसमध्ये बघून घे म्हणजे पहिल्याच दिवशी एरर येऊन घाबरायला नको.

प्रश्न : नमस्कार. मुलीला गेमिंग पीसी हवाय. एका ऑफिसातले जुने पीसी विकायला निघालेत, चौथ्या जनरेशनचा आय५, छोटं आडवं कॅबिनेट. त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं तर स्वस्तात काम होईल का?

उत्तर : नमस्कार. जुना ऑफिस पीसी घेऊन कार्ड घालणं ही वाट चांगली आहे, पण तुम्ही म्हणता तो पीसी घेऊ नका. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचीच चालते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आठव्या जनरेशनचा, उभ्या मोठ्या कॅबिनेटचा मिळाला तर जरूर बघा. छोट्या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचंच कार्ड बसतं, त्यामुळे आत किती जागा आहे ते पट्टी लावून मोजा, आणि या कंपनीच्या पीसींचा एसएमपीएस बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्याच आकाराचा आणि पिनांचा असतो, बाहेरचा बसत नाही, कार्डासाठी वेगळी वायरही नसते. मग मदरबोर्डचा स्लॉट देतो तेवढ्या ७५ वॉटमध्ये भागवावं लागतं. त्यात बसणारी कार्डं म्हणजे वायर न लागणारं जीटीएक्स १६५०, किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, ते ७० वॉटचं आहे. आरएक्स ६४०० स्वस्त दिसेल पण ते बोर्डशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटच्या बोर्डवर त्याचा वेग पडतो, म्हणून तुमच्यासाठी नको.

कार्ड सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याकडेच एखादा जड गेम वीस मिनिटं चालवून बघा, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे आले, पंखा खरखरला, तर तिथूनच परत या. जुन्या कार्डाचं बायोस बदलून नव्या नावाने विकायचे प्रकार होतात, जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशा बऱ्याच कार्डांना ‘फेक’ म्हणून दाखवतं, ते पेनड्राईव्हवर घेऊनच जा.

प्रश्न : दादा, भावाने मला पीसी जोडून दिला, ५६००जी आणि आरएक्स ६६००, मॉनिटर १४४ हर्ट्झचा. पण गेम इतके अडकतात की कार्डच खराब आहे असं वाटतंय. परत करू का?

उत्तर : ताई, परत करायच्या आधी पीसीच्या मागे बघा, मॉनिटरची वायर कुठे लावलीय? यूएसबीच्या शेजारी, उभ्या ओळीत असेल तर ती मदरबोर्डला लागलीय. खाली आडव्या पट्टीवर जे एचडीएमआय-डिस्प्ले पोर्ट आहेत ते कार्डाचे, तिथे लावा. ५६००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे चुकीच्या जागी लावूनही चित्र येतं आणि म्हणून कोणाला शंका येत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा, बऱ्याचदा ते ६० वरच असतं. तरीही अडकत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे स्पीड किती दाखवतंय आणि किती स्लॉट भरलेत ते मला कळवा, एकच काडी असेल तर कार्ड ठेवा आणि अजून एक काडी आणा.