उत्तर: "हा विषयच आमच्याकडे नसतो" असं विभागात ऐकवलं तर

तू विचारलंयस: टीवायला जिऑलॉजी, पुढे मानवजातीच्या दूरच्या भविष्याचा आणि तिच्या अस्तित्वावरच येऊ शकणाऱ्या संकटांचा अभ्यास करायचाय, आणि विभागप्रमुख म्हणतात, "असा विषयच नसतो, आधी नेट काढा." (नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा.) हे वाक्य मी शब्दशः ऐकलेलं आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. लघुग्रह, साथी, अणुयुद्ध, एआय ही यादी तुला पाठ असणार, त्यात वेळ घालवत नाही. आणि हो, अनुभव एकाच विद्यापीठातला आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा स्वतः तपासून घे.

"परदेशी गेलं की प्रश्न मिटला" असं काहीजण सांगतात. तितकं सोपं नाही. ऑक्सफर्डला २००५ मध्ये तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी याच कामासाठी फ्यूचर ऑफ ह्यूमॅनिटी इन्स्टिट्यूट काढली. जगभर नाव झालं. पण ती होती तत्त्वज्ञान विभागाच्या अखत्यारीत. २०२० पासून त्या विभागाने नवी भरती आणि निधी उभारणं गोठवलं, २०२३ च्या अखेरीस उरलेल्यांचे करार वाढवायचे नाहीत असं ठरवलं, आणि १६ एप्रिल २०२४ ला संस्था बंद. संस्थेने जाता जाता कारण दिलं ते प्रशासकीय अडचणींचं. तिकडे ही गत, तर आपल्याकडच्या टेबलांचं काय घेऊन बसलास! केंब्रिजला याच विषयासाठी २०१२ मध्ये निघालेलं केंद्र अजून चालू आहे. ते काढणाऱ्यांत एक तत्त्वज्ञ, एक खगोलशास्त्रज्ञ आणि स्काइपवाले एक इंजिनिअर होते.

आता माझं. पीएचडीच्या सिनॉप्सिसचं (संशोधनाच्या आराखड्याचं) शीर्षक होतं "महाउद्रेक आणि मानवजातीचे अस्तित्व". जिऑलॉजीवाले म्हणाले, अस्तित्व आमच्याकडे येत नाही, भूगोलात न्या. भूगोलवाले म्हणाले, ज्वालामुखीच्या राखेतल्या काचकणांचं रसायन आहे, आमच्याकडे गाइड नाही. पीएचडी विभागाच्या खिडकीवरचे गृहस्थ तर फाइल उघडायचेसुद्धा नाहीत. "विषयाचा कोड टाका, मग बघू." कोड कुठला ते सांगायचे नाहीत. आरआरसीची (विषय मंजूर करणाऱ्या समितीची) बैठक व्हायची, मी विचारायला जायचो, आणि ठरलेलं उत्तर मिळायचं: "समितीने नाकारलं." लेखी काही नाही. फेलोशिपचं घड्याळ इकडे चालूच.

शेवटी माहिती अधिकारात बैठकीचं इतिवृत्त मागवलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद हातात आला तेव्हा कळलं की समितीने माझा विषय नाकारलाच नव्हता, तो विषयपत्रिकेवर कधी ठेवलाच गेला नव्हता! त्या खिडकीबद्दल आणखी लिहिलं तर इथले संपादक प्रतिसाद उडवतील. तू एवढं कर: दिलेल्या प्रत्येक कागदाचा इनवर्ड नंबर घे, आणि "नाही" हे फक्त लेखी ऐक.

पुढे शीर्षक बदललं: कुकडी खोऱ्यातल्या ज्वालामुखीय राखेच्या थराची सेडिमेंटॉलॉजी (म्हणजे गाळाच्या थरांचा अभ्यास). पहिल्याच बैठकीत मंजूर. प्रश्न तोच, आतली प्रकरणं जवळपास तीच. माझं ठाम मत (न पटल्यास सोडून दे): शीर्षक जितकं कंटाळवाणं तितकं बरं. मानवजात शेवटच्या प्रकरणात आण. दुसऱ्या शाखेचा सहमार्गदर्शक मात्र सिनॉप्सिस देण्याआधीच गाठ. नंतर कोणी सही करत नाही.

आणि जिऑलॉजी सोडू नकोस. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ही राख उघडी पडलीय. पांढुरकी, बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी, पण भिंगाखाली काचेचे धारदार तुकडे. त्यांचं रसायन सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी जुळतं. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की टोबाच्याच त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर अजून भांडणं आहेत. त्या महाउद्रेकाने माणूस जवळजवळ संपला असं एक मत होतं. आंध्रात ज्वालापुरमला राखेच्या खालची आणि वरची दगडी हत्यारं बरीचशी एकाच घडणीची निघाली, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्या मताला तडा गेला. म्हणजे माणूस कशाने संपेल याइतकंच तो कशातून तगला हेही शोधता येतं, आणि तेही एसटीने जाऊन.

तिथून अणुयुद्धापर्यंतचा रस्ताही छोटा आहे. दोन्हींत ऊन अडतं. ज्वालामुखीची गंधकाची धुकटी वातावरणात एक-दोन वर्षं टिकते. जळत्या शहरांची काजळी अधिक उंच चढते आणि कितीतरी जास्त टिकते. २०२२ च्या एका अभ्यासात भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतर पिकं बुडून जगभरात दोनशे कोटींहून अधिक माणसं मरू शकतात असा अंदाज आला. हे काम हवामान आणि पीक मॉडेलवाल्यांचं आहे, तेव्हा पायथन आत्ताच शीक.

आकड्यांचं एक. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २०२० मध्ये या शतकात मानवजातीच्या अस्तित्वावरच येणाऱ्या संकटाची शक्यता सहात एक धरली. तो जाणत्या माणसाचा अंदाज आहे, मोजमाप नाही. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये पृथ्वीवर धडकण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांवर गेली आणि निरीक्षणं वाढताच जवळजवळ शून्यावर आली, तो निरीक्षणांवरून केलेला हिशेब होता. मुलाखतीत दोन्ही एका दमात सांगितलेस तर समोरचा तिथेच पकडेल.

बोरीला जायचं तर नदीत पाणी कमी असताना जा. थर उकरू नकोस, फोटो काढताना शेजारी स्केल ठेव. सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा झाला की माझ्या विपूत (विचारपुशीत) टाक, शीर्षक मी कंटाळवाणं करून देतो.