आधी छऱ्याचं वजन सांगा

वाचकांचे प्रश्न

एअरगनच्या ऑनलाइन रिव्ह्यूंबद्दल बरीच पत्रं साचली होती. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून त्यातले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : एकाच मॉडेलच्या .१७७ (छऱ्याचा व्यास, इंचात) स्प्रिंग एअरगनचा वेग खोक्यावर १,००० फूट प्रति सेकंद छापलाय, एका व्हिडिओत ९२० दाखवलाय आणि एका लेखी रिव्ह्यूत ७८०. यातलं खोटं कोण बोलतंय?

उत्तर : तिघंही खरं बोलत असतील. वेग एकट्या गनचा नसतो, गन आणि छर्रा या जोडीचा असतो. खोक्यावरचा आकडा बहुधा हलक्यात हलका, शिशाऐवजी मिश्रधातूचा छर्रा वापरून काढलेला असतो. त्याचं वजन साधारण ५ ते ५.५ ग्रेन. नेहमीच्या वापरातला शिशाचा .१७७ छर्रा ७ ते ८.५ ग्रेनचा असतो. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

खरंखोटं करायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. छऱ्याचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग फूट प्रति सेकंदात घ्या. वेगाचा वर्ग करा, त्याला वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा. येईल ती ऊर्जा फूट-पाउंडात, तिला १.३५६ ने गुणलं की ज्यूल. आता ५.२५ ग्रेनचा छर्रा १,००० ने गेला तर ११.७ फूट-पाउंड येतात, आणि ८.४४ ग्रेनचा ७८० ने गेला तर ११.४, म्हणजे साडेपंधरा ज्यूलच्या आसपास. वेगात २२० फुटांचा फरक दिसत असला तरी गनची ताकद तीच आहे. स्प्रिंगच्या गनमध्ये (ताणलेली स्प्रिंग पिस्टन ढकलते आणि पिस्टन हवा दाबतो) छऱ्याचं वजन बदललं की ऊर्जाही थोडी वरखाली होते, त्यामुळे दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण एका हिशेबात ११ आणि दुसऱ्यात १८ आले तर कुठेतरी पाणी मुरतंय.

राहिला ९२० वाला व्हिडिओ. तो खोकं उघडल्या उघडल्या केलेला आहे का, ते बघा. नव्या स्प्रिंग गनच्या सिलिंडरमध्ये कारखान्यातलं जास्तीचं तेल-ग्रीस असतं. पिस्टन पुढे सुटला की हवा इतकी दाबली जाते आणि तापते की ते तेल पेट घेतं. याला डिझेलिंग म्हणतात. नळीतून धूर, जळका वास, नेहमीपेक्षा कडक आवाज आणि चढलेला वेग, ही त्याची लक्षणं. काहीशे शॉटनंतर तेल जळून जातं, सील (पिस्टनवरचं हवा अडवणारं कडं) बसतं आणि वेग आपल्या जागी येतो. पहिल्या वीस शॉटवर काढलेला आकडा पुढे टिकत नाही. म्हणून किती शॉट झाल्यावर मोजलं हे लिहिणारा माणूस जास्त भरवशाचा. तुमच्या तीन आकड्यांपैकी ७८० च्या शेजारी छऱ्याचं नाव आणि वजन असेल तर तोच धरून चाला. नसेल तर तोही सोडून द्या.

आणखी एक. हवेत आवाजाचा वेग सुमारे १,१२५ फूट प्रति सेकंद आहे. त्याच्या आसपास गेलेला कंबरेत बारीक असलेला छर्रा डगमगायला लागतो. त्यामुळे १,२०० फुटांची जाहिरात खरी असली तरी त्या वेगाने नेम धरायचा नसतो.

प्रश्न : बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये कागदी लक्ष्यावर एका नाण्याखाली झाकले जातील असे भोकांचे फोटो असतात. हा पुरावा मानायचा का?

उत्तर : फोटोसोबत चार गोष्टी हव्यात : अंतर किती, शॉट किती, असे ग्रुप (एकाच लक्ष्यावर मारलेल्या शॉटचे पुंजके) किती काढले आणि गन कशावर टेकवली होती. यातली तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात. दहा ग्रुप काढून त्यातला सर्वांत देखणा दाखवला की फोटो खराच असतो, पण त्यावरून गन कळत नाही.

शॉटची संख्या का महत्त्वाची, ते आकड्यात सांगतो. गन तीच, छर्रा तोच, नेमबाजही तोच. तरी शॉट वाढतील तसा ग्रुप पसरतोच, कारण एखादा लांब जाणारा छर्रा सापडायची संधी वाढते. दहा शॉटच्या ग्रुपचा सरासरी पसारा १०० धरला, तर पाच शॉटचा साधारण ८० आणि तीन शॉटचा ६३ येतो. म्हणजे तीन शॉटमध्ये ८ मिमी दाखवणारी गन दहा शॉटमध्ये १२-१३ मिमीवर जाईल. तीन शॉटवाल्याची आणि दहा शॉटवाल्याची तुलना करून गन निवडली तर चांगली गनच हातची जाईल.

मोजमाप जवळून बघा. व्हर्निअर कॅलिपर लावून सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या. समजा १४.१ मिमी आले. त्यातून छऱ्याचा व्यास, .१७७ साठी ४.५ मिमी, वजा केला की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ९.६ मिमी. तुलना याच आकड्याची करायची. काही जण आतल्या कडा मोजून ५ मिमी सांगतात, तेव्हा कशापासून कशापर्यंत मोजलं हे लिहिलेलं आहे का बघा. साधा पातळ कागद फाटतो आणि भोक आक्रसतं, छऱ्याहून लहान दिसतं. अशा वेळी भोकाभोवती शिशाची करडी कड उमटते, तिच्या बाहेरून मोजलेलं बरं. लक्ष्याचा पुठ्ठा जाड असेल तर भोक स्वच्छ गोल पडतं. असा कागद वापरणारा रिव्ह्यूवाला कामात मुरलेला आहे, असं आम्ही समजतो.

१० मीटरचा ग्रुप अडीचने गुणून २५ मीटरचा अंदाज मात्र बांधू नका. वारा आणि छऱ्याचा डगमगाट लांब अंतरावर जास्त दिसतो. २५ मीटरवर वापरायची असेल तर २५ मीटरवरचाच ग्रुप शोधा.

प्रश्न : खरेदीच्या साइटवर शेकडो लोकांनी साडेचार तारे दिलेत. इतके लोक चुकतील?

उत्तर : चुकणार नाहीत, पण ते कशाला तारे देताहेत ते बघायला हवं. पाच तारेवाल्यांतले कितीतरी जण ‘पार्सल वेळेवर आलं, पॅकिंग छान, अजून चालवली नाही’ असं लिहितात. एक तारावाल्यांत कुरिअरने आपटलेलं खोकं असतं. ‘खरेदी पडताळली’ ही खूण गन विकत घेतल्याचं सांगते, वापरल्याचं नाही. शॉटची संख्या किंवा महिने लिहिलेले तेवढे रिव्ह्यू वेगळे काढले की शेकड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. वाचायचे ते तेवढेच. तीन तारेवाले आधी वाचा, त्यांना गन आवडलेली असते आणि दोषही दिसलेले असतात.

दुसरा घोळ एकाच पानावर सगळं एकत्र असण्याचा. .१७७ आणि .२२, साधी स्प्रिंग आणि गॅस पिस्टन (स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू), स्कोपसह आणि स्कोपविना अशा सगळ्या आवृत्त्यांचे तारे एकाच ढिगात पडतात. .२२ चा छर्रा १४ ते १८ ग्रेनचा, त्याचा वेग आणि मार्ग वेगळा. त्याचं कौतुक .१७७ ला लागू पडत नाही.

ताकदीच्या आवृत्त्या तर नावावरून ओळखूच येत नाहीत. जर्मनीत परवान्याविना मिळणाऱ्या एअरगनला ७.५ ज्यूलची मर्यादा आहे आणि तिच्यावर पंचकोनात ‘एफ’चा शिक्का असतो. ब्रिटनमध्ये बहुतेक भागात रायफलसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा ज्यूलच्या आसपास. त्यामुळे एकच मॉडेल मऊ स्प्रिंगमध्ये आणि पूर्ण ताकदीत असं दोन्ही विकलं जातं. साडेसात ज्यूलवाली गन ‘किती गुळगुळीत, झटका जवळपास नाहीच’ म्हणून वाखाणलेली असते. तोच रिव्ह्यू वाचून पूर्ण ताकदीची घेणाऱ्याला पहिल्याच शॉटला खांद्यात उत्तर मिळतं. रिव्ह्यू कुठल्या देशातला आहे ते म्हणूनच बघायचं.

उलट बाजूही आहे. एकच गन दोन नावांनी विकली जाते. वायराउखची एचडब्ल्यू ३० एस अमेरिकेत बीमन आर ७ या नावाने ओळखली जाते, तर एचडब्ल्यू ९५ तिथे आर ९. एका नावाने रिव्ह्यू थोडे सापडले तर जुळ्या भावंडाचे वाचा.

प्रश्न : रिव्ह्यू करणाऱ्याला गन फुकट मिळाली असेल तर तो कंपनीचीच तळी उचलणार ना?

उत्तर : उचलेलच असं नाही. फुकट मिळाल्याचं त्याने सुरुवातीलाच सांगितलं असेल तर निम्मी काळजी मिटली. खरी शंका वेगळी : पाठवलेली गन निवडून, तपासून पाठवलेली असू शकते. त्यामुळे तिचा ट्रिगर किंवा नळी चांगली निघाली तरी दुकानातली तशीच निघेल याची खात्री नाही. अशा रिव्ह्यूतून रचना, वजन, लांबी, कॉकिंगला (गन ताणायला) लागणारा जोर एवढं घ्या. नेमाच्या बाबतीत विकत घेतलेल्या गनवरचे आकडे शोधा.

याहून जास्त सावध राहायचं ते ‘टॉप १०’ याद्यांपासून. खाली खरेदीची लिंक, तुम्ही कुठलीही घेतली तरी लिहिणाऱ्याला कमिशन. त्यात गन हातात न धरताच लिहिलेला मजकूर भरपूर, आणि तो ओळखू येतो. गॅस पिस्टनच्या गनला ‘स्प्रिंगची कुरकुर’ लावलेली असते, अंडरलिव्हर (नळीखालचा दांडा ओढून ताणायच्या) गनची नळी मोडून, म्हणजे बिजागरीतून खाली वाकवून, भरायला सांगितलेलं असतं, स्प्रिंगच्या .१७७ ला १६ ग्रेनचा छर्रा सुचवलेला असतो. एखादा नवशिका व्हिडिओत स्प्रिंग गन छर्रा न घालता उगाच चालवून दाखवतो. समोर हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट धातूवर आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्हीची वाट लागते. नळी मोडणाऱ्या गनमध्ये छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरून न ठेवणाराही तसाच. नळी सुटली तर बोटं जायची. अशा माणसाचा ट्रिगरबद्दलचा अभिप्राय ऐकायचं काही कारण नाही.

प्रश्न : ‘नेम लागतच नाही, पैसे वाया गेले’ असे एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाचून घाबरायला होतं.

उत्तर : यात नाचता येईना अंगण वाकडं हा प्रकार फार. स्प्रिंग गनच्या हादऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, छऱ्यांचा एक डबा संपेपर्यंतसुद्धा. ते घट्ट केले का, हे तक्रारीत नसतंच. स्कोपचं माउंट (स्कोप गनवर धरून ठेवणारी पकड) रुळावरून मागे सरकतं. पेन्सिलीने रेघ मारून ठेवली की वीस-पंचवीस शॉटमध्ये कळतं. बरेच स्कोप १०० यार्डांवर पॅरालॅक्स जुळवलेले असतात. १० मीटरवर चित्र धूसर होतं आणि डोळा जरा हलला की नेमही हलतो. शिवाय स्प्रिंग गन आधी मागे आणि मग पुढे, असा दुहेरी झटका देते. त्यासाठी न बनवलेला स्कोप आतून तुटतो आणि नाव गनचं खराब होतं.

पकडही आहेच. स्प्रिंग गनचा पुढचा भाग उघड्या तळहातावर सैल ठेवायचा आणि गनला तिच्या मनाने हलू द्यायचं. टेबलावर घट्ट दाबून धरली तर ग्रुप सहज दुप्पट होतो. आणि छर्रा. एकाच नळीतून एका कंपनीचा छर्रा ३० मिमीचा ग्रुप देतो, दुसऱ्या कंपनीचा १० चा. एकच डबा वापरून शिव्या घालणाऱ्याने छऱ्याचा रिव्ह्यू लिहिलाय.

पण सगळ्याच तक्रारी झटकू नका. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या शब्दांत एकच भाग सांगितला असेल तर ती खरी खोट. ‘पाचशे शॉटनंतर वेग ७८० वरून ६५० वर आला’ हे सील किंवा स्प्रिंगचं लक्षण. ‘स्कोप पूर्ण वर फिरवूनही शॉट खालीच पडतो’ हे नळी किंचित खाली झुकल्याचं. नळी मोडणाऱ्या गनमध्ये ते नवीन नाही, उताराचं (पुढे झुकलेलं) माउंट लावून सुटतं. भरलेली पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी गन) ‘रात्रीत २०० बारवरून १५० वर’ (बार हे दाबाचं एकक) हे ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) किंवा व्हॉल्व्हचं. असा आकडा देणारा चिडलेला असला तरी त्याचं ऐका.

प्रश्न : पीसीपीच्या रिव्ह्यूत ‘एका भरण्यात ६० शॉट’ लिहितात. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या) पिस्तुलांचेही असेच दावे असतात.

उत्तर : छर्रा नळीतून बाहेर पडला की तो शॉट मोजतात. विचारायचं ते हे : किती शॉटचा वेग एकमेकांच्या जवळ होता? रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) नसलेल्या पीसीपीत दाब उतरताना वेग आधी चढतो, मग पडतो. ६० पैकी मधले २५-३० च कामाचे असतात. पूर्ण यादी दिली असेल तर आलेख काढून बघा. नुसती सरासरी दिली असेल तर शंका घ्या. ७८१, ७७६, ७८४, ७७९, ७९०, ७७३, ७८०, ७७७, ७८६, ७७४ या दहांची सरासरी ७८० आणि फरक १७. पहिला ८४० आणि शेवटचा ७२० असूनही सरासरी ७८० च येऊ शकते.

सीओटूचा दाब तापमानावर चालतो : २० अंशांना सुमारे ५७ बार, शून्य अंशाला ३५ च्या आसपास. त्यात भराभर मारलं की वायू स्वतःच गार होतो आणि वेग उतरतो. खोलीचं तापमान आणि दोन शॉटमधला वेळ, या दोन गोष्टींशिवाय सीओटूच्या आकड्याला काही अर्थ नाही.

जाता जाता, तीन-चार पत्रांत व्हिडिओवरून गन किती शांत आहे ते विचारलंय. ते व्हिडिओवरून कळत नाही. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे दणकेबाज आणि मवाळ गन जवळपास सारख्याच ऐकू येतात.