सोलापुरात घराचं बांधकाम चालू आहे. मिस्त्री-बिगाऱ्यांना कामाची अपेक्षा नेमकी कशी सांगावी?

‘काम चांगलं करा’ म्हटलं की मिस्त्री ‘हो साहेब’ म्हणतो आणि आपल्या सवयीनंच करतो. म्हणून मोजता येईल असं सांगा. वीटकाम असेल तर विटा आधी भिजवलेल्या, सांधा 10 मिमीचा, दर तीन-चार थरांनी ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायची, वजन बांधलेली दोरी) लावायचा आणि एका दिवसात भिंत पाच फुटांच्या वर न्यायची नाही. पहिल्याच दिवशी एक तुकडा तुमच्यासमोर मनासारखा करून घ्या. पुढे वाद झाला की त्याकडे बोट दाखवायचं, भाषण नको.

आपल्याकडे टोळीत तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही असतात. मुकादमाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं धरू नका. सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून मुकादमाकडून त्यांच्या भाषेत सांगून घ्या आणि एखाद्या बिगाऱ्याला ‘आज काय करायचंय?’ असं विचारा. लगेच कळतं.

उक्तं काम (रोजावर नाही, ठरलेल्या रकमेत दिलेलं) असेल तर वेग आपोआप येतो, दर्जाचं तसं नाही. खराब निघालेलं तोडून परत करायचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरवा, पगाराच्या दिवशी नको. (लेखी असेल तर उत्तम.)

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असतो. भर दुपारी सकाळइतकं काम मागणं चुकीचंच. सातला सुरू करा, दुपारी मोठी सुट्टी द्या. आणि ताज्या बांधकामावर पाणी मारायला एक माणूस नावानिशी नेमा, वीटकामाला किमान सात दिवस. ‘सगळ्यांनी मारा’ म्हटलं की कोणीच मारत नाही.